कूपर ब्लॅक: चुका पोटात घालणारं जाडं अक्षर

ईझीजेटचं केशरी विमान पाहिलंय ना? त्यावरची ती गुबगुबीत अक्षरं म्हणजे कूपर ब्लॅक. आजची गोष्ट त्यांची.

ऑझवल्ड कूपर हा कॅन्ससमध्ये वाढलेला मुलगा. चित्रकार व्हायला शिकागोला आला आणि फ्रेडरिक गाउडीच्या हाताखाली अक्षरांत रमला. पुढे त्याने जाहिरातींची अक्षरं काढून पोट भरलं. तिथल्या ‘बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर’ या खिळे ओतणाऱ्या कारखान्यासाठी त्याने आधी मजकुराचा साधा टाइप केला. मग त्याचाच हा जाडजूड भाऊ १९२२ साली बाजारात आला. कूपर गमतीने म्हणायचा, हा टाइप दूरदृष्टीच्या छापखानेवाल्यांसाठी आहे, ज्यांच्या गिऱ्हाइकांना लांबचं दिसत नाही! जाहिरातवाल्यांनी तो उचलून धरला. अभिरुचीवाल्यांनी नाकं मुरडली.

पण मला खरी गंमत वाटते ती त्याच्या कडांची. नीट पाहा, त्यात टोकदार असं काही नाहीच. अक्षराच्या पायाशी सरळ रेघ नाही, सगळं गोलसर, शाई थोडी पसरल्यासारखं. आता काटेकोर टाइपमध्ये शाई खरंच पसरली की लगेच डोळ्यात भरतं. इथे पसरली काय, नाही काय! अक्षर मुळातच तसं. ओळ जराशी वरखाली झाली तरी खपून जातं.

म्हणूनच कूपर १९४० साली गेला, तरी त्याचं अक्षर टिकलं. शिशाच्या खिळ्याला चौकोनी अंग असतं, त्यामुळे दोन अक्षरांत थोडी फट राहतेच. फोटोटाइपने ती अडचण संपवली. बीच बॉइजच्या १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ रेकॉर्डचं कव्हर काढून बघा. हिरव्या पट्टीवर अक्षरं लोकलच्या डब्यासारखी एकमेकांना खेटून उभी आहेत. सत्तरच्या दशकात लोक हीच अक्षरं इस्त्रीने टी-शर्टवर चिकटवायला लागले. घरची इस्त्री, हौशी हात, वर ताणणारं कापड! तिथे बारीक रेघांचं अक्षर टिकतंय कुठे?

देवनागरीत असं जाडं अक्षर करणं जास्त अवघड. आपल्याकडे शिरोरेघ, मात्रा, जोडाक्षरं, त्यात पोटातली पोकळी बुजली की संपलं. मुंबईच्या ‘एक टाइप’च्या ‘मोदक’ फाँटमध्ये ती पोकळी नावापुरतीच, चिरेएवढी राहते, आणि तरी अक्षर वाचता येतं. फक्त ते मोठंच वापरायचं. या भागाचं शीर्षक मी हौसेने मोदकमध्ये लावलं, तर मोबाइलच्या छोट्या चौकोनात ‘ब’ आहे की ‘व’ तेच कळेना. चूक माझीच. ‘कूपर’ काढून टाकलं, उरलेला शब्द दुप्पट मोठा केला. आता दिसतंय.