गावकीची खोली

मॉरिसव्हिलला नोकरीसाठी आलेली तीन-चार मुलं एक अपार्टमेंट घेतात, भाडं आणि किराणा वाटून घेतात. हा हिशेब आपल्याकडे जुना आहे.

१८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली. मग गिरण्या वाढल्या, आणि रत्नागिरी-साताऱ्याकडचे गडी बायकामुलं गावी ठेवून मुंबईला आले. परळ-लालबागच्या चाळींत गावच्या मंडळाची एक खोली असे. माणशी एक ट्रंक, एक वळकटी. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी पाठ टेकायचा. उरलेले पैसे मनिऑर्डरने घरी.

जेवण खानावळीत, महिन्याच्या उधारीवर. ती चालवणारी बहुधा गिरणी कामगाराचीच बायको. संप लांबला तरी ती वाढत राहायची. सावकाराचं व्याज मात्र थांबत नसे. गड्यांना मुंबई परवडली ती बरीचशी हिच्या जिवावर, असं मला वाटतं. संपांच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं सापडतात, हिचं क्वचितच. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळू लागलं, तेही बाईच्या स्वतःच्या नावावर.