भोंग्यापासून लोकलपर्यंत : मुंबईकराच्या बिऱ्हाडाची जागा

मुंबईत 1850च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे परळ, लालबाग, डिलाईल रोड हा पट्टा गिरणगाव झाला. कोकण-घाटावरून आलेल्या माणसाला बिऱ्हाड कुठे करायचे हे फारसे ठरवावे लागत नसे. गिरणीचा भोंगा ऐकू येईल आणि पायी वेळेत पोचता येईल, तीच जागा. गैरहजर माणसाच्या जागी काम मिळणाऱ्या बदली कामगाराला तर रोज सकाळी गिरणीच्या दारात मुकादमाच्या नजरेसमोर उभे राहावे लागे. लांब राहणाऱ्याचा रोज बुडे. दुसरा आधार गावकीचा. एकाच गावची माणसे गाळा भाड्याने घेत. दिवसपाळीचा कामावर गेला की रातपाळीचा त्याच जागेवर वळकटी पसरी. भिंतीला ओळीने ट्रंका, जेवण खानावळीत. ही दाटी हौसेची नव्हती. चालत जाण्याच्या अंतराची ती किंमत होती.

1896च्या प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला आखीव वस्त्या वसवल्या. तिथे प्रामुख्याने पगारदार मध्यमवर्ग गेला. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि अंतर मैलांऐवजी मिनिटांत मोजले जाऊ लागले. पुढे डोंबिवलीसारख्या गावांत खोली घेताना भाड्याइतकाच प्रश्न असे : स्टेशन किती लांब, फास्ट गाडी थांबते का? गिरणी कामगारांच्या 1982च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि भोंग्याजवळ राहण्याचे कारणच उरले नाही.