काउंटीची दस्तवही : अमेरिकेतील स्थावर मालमत्तेच्या सार्वजनिक नोंदी आणि त्यांचा शोध

जमीन कोणाची, याचा पुरावा कोठे शोधावयाचा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाजाने आपापल्या इतिहासाप्रमाणे दिले आहे. महाराष्ट्रात हा प्रश्न निघाला की प्रथम सातबाराचा उतारा आठवतो आणि त्यापाठोपाठ दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील ‘इंडेक्स टू’. पहिली नोंद शासनाच्या महसुली गरजेतून जन्मली, दुसरी खरेदी-विक्रीच्या व्यवहारातून. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मालकीच्या पुराव्याची सारी इमारत या दुसऱ्या प्रकारच्या नोंदीवर उभी राहिली आणि तिचे मुख्य ठाणे बहुतेक राज्यांत ‘काउंटी’ हे झाले. काउंटी म्हणजे राज्याखालील प्रशासकीय विभाग. आपल्या जिल्ह्याशी तिची ढोबळ तुलना करता येईल. मात्र तेथील दस्तनिबंधक अनेक ठिकाणी मतदारांनी निवडून दिलेला असतो. या कार्यालयातील वह्या कोणाही नागरिकास पाहता येतात. परंतु वही खुली असणे आणि तीतील हवी ती नोंद सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. या दोहोंमधील अंतराचा इतिहास हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उगम

दस्त सार्वजनिक वहीत उतरवून ठेवण्याची कल्पना वसाहतवाल्यांनी इंग्लंडहून आणली, पण खुद्द इंग्लंडात ती रुजली नव्हती. १५३६च्या कायद्याने जमिनीच्या काही प्रकारच्या विक्रीची नोंद वेस्टमिन्स्टर येथील न्यायालयांत किंवा काउंटीत करणे आवश्यक ठरविले होते. कायदेपंडितांनी हस्तांतरणाची निराळी पद्धत शोधून तो निष्प्रभ केला. जमीनदार घराण्यांची खरेदीखते त्यांच्या स्वतःच्या किंवा वकिलांच्या पेट्यांतच राहिली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात यॉर्कशरचे तीन विभाग आणि मिडलसेक्स येथे दस्तनोंदणी कार्यालये स्थापन झाली, परंतु ती अपवादात्मकच होती. १८६२मध्ये राष्ट्रीय भूमिनोंदणी सुरू झाली, तरी तिची नोंदवही सर्वसामान्य जनतेस खुली होण्यास डिसेंबर १९९० उजाडावा लागला.

अटलांटिकपलीकडे परिस्थिती वेगळी होती. तेथे वसाहतवाल्यांच्या लेखी जमीन विपुल होती. ती मूळ रहिवाशांच्या ताब्यातून निघालेली होती, हे त्या वह्यांच्या पहिल्या पानाआधीचे सत्य होय. जमीन झपाट्याने हातोहात जात होती आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या दस्तांची गाठोडी कोणाजवळच नव्हती. एकच जमीन दोघांना विकण्याचा धोका उघड होता. प्लिमथ वसाहतीने १६३६मध्ये विक्री, गहाण व अन्य हस्तांतरणे अधिकाऱ्यासमोर कबूल करून सार्वजनिक दप्तरात नोंदविण्याचा नियम केला. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६४०मध्ये असाच कायदा केला आणि १६४३मध्ये वसाहतीची चार काउंट्यांत विभागणी झाली.

या कायद्यांतून घडत गेलेले तत्त्व साधे आहे. न नोंदविलेला दस्त लिहून देणार व लिहून घेणार यांच्यापुरता वैध असतो. मात्र त्याची माहिती नसलेल्या आणि मोल देऊन घेतलेल्या नंतरच्या खरेदीदारावर तो सामान्यतः बंधनकारक नसतो. म्हणजे शासन येथे मालकीची ग्वाही देत नाही. दस्ताची प्रत ठेवणे आणि तो कधी दाखल झाला हे सांगणे, एवढेच त्याचे काम. दस्ताची नक्कल वहीत उतरवून मूळ कागद पक्षकारास परत दिला जाई. मालकी कोणाची, हे त्या नकला वाचून ज्याचे त्याने ठरवावयाचे.

सूचीचे माध्यम

जुन्या वसाहतींतील दस्तांत जमिनीची ओळख चतुःसीमांनी दिली जाई. अमुक ओक वृक्षापासून तमुक दगडापर्यंत, तेथून ओढ्याच्या काठाने, अशी ती वर्णने असत. वृक्ष पडला की सीमाही संशयात पडे. २० मे १७८५च्या भूमी अध्यादेशाने पश्चिमेकडील संघीय भूमीसाठी चौकोनी मोजणी आणली. सहा मैल बाजूचा चौरस, त्याचे ३६ भाग आणि प्रत्येक भाग ६४० एकरांचा. या भूमीचे पहिले हस्तांतरण संघशासन करी. त्यानंतरचा प्रत्येक दस्त काउंटीच्या वहीत जाई.

मोजणी अशी गणिती झाली, तरी वह्यांची सूची बहुतेक ठिकाणी माणसांच्या नावांनीच राहिली. एक सूची लिहून देणाऱ्यांची, दुसरी लिहून घेणाऱ्यांची. शोध घेणाऱ्यास प्रथम कर आकारणाऱ्या कार्यालयातून जागेचा क्रमांक व करदात्याचे नाव मिळवावे लागते. हे कार्यालय निबंधकाहून वेगळे असते आणि त्याची नोंद मालकीचा निर्णायक पुरावा नसते. ते नाव घेऊन लिहून घेणाऱ्यांच्या सूचीत मागे जावयाचे आणि त्या व्यक्तीस जमीन कोणाकडून मिळाली ते पाहावयाचे. मग त्या आधीच्या मालकाचे नाव घेऊन आणखी मागे. अशी साखळी जुळली की दिशा उलटवून प्रत्येक मालकाचे नाव लिहून देणाऱ्यांच्या सूचीत तपासावयाचे. आपल्या मालकीच्या काळात त्याने जमीन गहाण टाकली काय, तुकडा विकला काय, वाटेचा हक्क दिला काय, हे तेथे कळते.

या पद्धतीची दुर्बलता तिच्या नावकेंद्री रचनेतच आहे. आडनावाचे एक अक्षर चुकले, विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलले, की साखळी तुटते. वारसाहक्काने गेलेली जमीन दस्तांच्या सूचीत न दिसता मृत्युपत्रांच्या न्यायालयात दिसते. शिवाय कार्यालयाचा पत्ताही सर्वत्र एक नाही. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड व व्हरमाँट येथे हे दप्तर गावपातळीवर असते आणि लुइझियानात काउंटीऐवजी ‘पॅरिश’ असतो. उटा, ओक्लाहोमा यांसारख्या काही राज्यांत जमिनीच्या तुकड्यानुसार अधिकृत सूची ठेवली जाते, पण तो सार्वत्रिक नियम नव्हे. भारतीय नोंदणी अधिनियम, १९०८ याच्याशी तुलना येथे उद्‌बोधक ठरते. त्याच्या कलम ५५ने व्यक्तींची सूची एक आणि मालमत्तेची सूची दोन अशा दोन्ही वाटा आरंभीच आखून दिल्या आणि कलम ५७ने पहिले पुस्तक व त्याच्या सूची फी भरणाऱ्या कोणासही पाहण्यास खुल्या ठेवल्या. ‘इंडेक्स टू’ हा शब्द मराठी घरांत रूढ झाला, याचे मूळ या रचनेत आहे.

वही सार्वजनिक, ज्ञान खाजगी

शोध अवघड झाला की शोध घेऊन देणाऱ्यांचा व्यवसाय उभा राहतो. एकोणिसाव्या शतकात अनेक काउंट्यांत खाजगी गोषवारेकार रोज निबंधकाच्या कार्यालयात बसून नव्या दस्तांची टिपणे घेत आणि ती आपल्या वह्यांत जमिनीच्या तुकड्यांनुसार लावीत. सार्वजनिक दप्तराहून त्यांचे खाजगी दप्तर शोधास अधिक सोयीचे झाले. ऑक्टोबर १८७१मध्ये शिकागोच्या महाआगीत कुक काउंटीचे न्यायालय व तेथील जमिनीचे दप्तर जळून खाक झाले, तेव्हा या विपर्यासाचे पूर्ण दर्शन घडले. शहरातील मालकीचा पुरावा उरला तो तीन खाजगी पेढ्यांनी आगीतून वाचविलेल्या वह्यांत. त्या एकत्र जुळवून काम चालविण्यात आले. इलिनॉय विधिमंडळाने १८७२मध्ये जळालेल्या दप्तरांसंबंधी स्वतंत्र कायदा केला. सार्वजनिक नोंदीचा आधार अशा रीतीने खाजगी मालकीच्या वहीवर येऊन ठेपला.

याच सुमारास पेनसिल्व्हेनियात १८६८च्या एका निर्णयाने प्रामाणिकपणे चुकीचा सल्ला देणाऱ्या दस्तलेखकास जबाबदार धरण्याचे नाकारले. अशा नुकसानीवर उपाय म्हणून १८७६मध्ये फिलाडेल्फियात हक्कविम्याची पहिली कंपनी स्थापन झाली. शासन ज्याची हमी देत नाही, त्याची हमी विमा देऊ लागला. १८५८मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात सुरू झालेली टॉरेन्स पद्धती, जीत शासन स्वतः मालकी प्रमाणित करते, इलिनॉयने १८९७मध्ये स्वीकारली. पण कुक काउंटीत ती १९९०च्या दशकात मोडीत निघाली.

वहीतील माणसे

या वह्यांत केवळ जमीन नोंदविलेली नाही. दक्षिणेकडील काउंट्यांच्या दस्तवह्यांत गुलाम स्त्री-पुरुषांची विक्रीपत्रे जमिनीच्या खरेदीखतांशेजारीच नकलली गेली आहेत. नॉर्थ कॅरोलायनातील बंकम काउंटीच्या निबंधक कार्यालयाने अशी विक्रीपत्रे वेगळी काढून जनतेस सुलभ केली आहेत. ज्यांना त्या काळी कायद्याने व्यक्ती मानले नाही, त्यांच्या वंशजांना पूर्वजांचा मागोवा याच पानांतून घ्यावा लागतो. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस हे १८८१ ते १८८६ या काळात राजधानी वॉशिंग्टनचे दस्तनिबंधक होते, ही घटना या पार्श्वभूमीवर लक्षणीय ठरते.

गुलामी गेली, तरी वही वापरण्याची रीत गेली नाही. वंशानुसार वस्तीविभाग पाडणारे नगरनियम सर्वोच्च न्यायालयाने १९१७मध्ये रद्द केल्यावर तेच काम खाजगी दस्तांतील अटींवर मोठ्या प्रमाणात सोपविले गेले. अमुक वंशाच्या व्यक्तीस हे घर विकू वा भाड्याने देऊ नये, अशी अट एकदा खरेदीखतात लिहून काउंटीत नोंदविली की ती पुढील खरेदीदारांच्याही मागे लागे. १९२६मध्ये न्यायालयाने या अटींत हस्तक्षेप करण्याचे नाकारले. १९४८च्या शेली विरुद्ध क्रेमर या निर्णयाने न्यायालयांमार्फत त्यांची अंमलबजावणी थांबली, १९६८च्या कायद्याने त्या बेकायदा ठरल्या आणि १९७२मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या संघीय अपील न्यायालयाने निबंधकाने अशा अटी नोंदविण्यासच आक्षेप घेतला. मात्र जुनी पाने वहीत तशीच राहिली.

ती कोणत्या पानांवर आहेत हे नावांची सूची सांगू शकत नव्हती, कारण सूचीत पक्षकारांची नावे असतात, अटी नसतात. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६मध्ये हेनेपिन काउंटीच्या दस्तांच्या प्रतिमा संगणकाकडून वाचून घेऊन आणि स्वयंसेवकांकडून तपासून नकाशा तयार करण्यास आरंभ केला. एकट्या मिनियापोलिस शहरात अशा आठ हजारांहून अधिक अटी आढळल्या.

ज्यांचे नाव वहीत नाही

उलट बाजूही आहे. कॅलिफोर्नियाने १९१३ व १९२०च्या कायद्यांनी नागरिकत्वास अपात्र परकीयांना शेतजमीन घेण्यास आणि पुढे खंडाने कसण्यासही बंदी केली. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय हे अपात्र ठरले आणि इंपीरियल खोऱ्यातील पंजाबी शेतकरी या बंदीत आले. त्यांपैकी अनेकांनी विश्वासातील गोऱ्या परिचितांच्या नावे, तर काहींनी अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावे जमिनी ठेवल्या. १९४६मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला आणि १९५६मध्ये मतदारांनी तो भूमिकायदाच रद्द केला. मधल्या काळातील काउंटीची सूची पाहणाऱ्यास मात्र नांगर धरणाऱ्याचे नाव सापडत नाही. जे नाव वहीत आहे त्याने जमीन कसली नाही आणि ज्याने कसली त्याचे नाव वहीत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरीस हेच निराळ्या हेतूने घडले. १९९५मध्ये गहाणव्यवसायातील संस्थांनी ‘मर्स’ नावाची कंपनी स्थापन करून काउंटीच्या वहीत गहाणदार म्हणून तिचेच नाव लावण्यास आरंभ केला. कर्ज पुढे कोणाकोणास विकले गेले, हे सार्वजनिक वहीबाहेर राहिले. २००८च्या अरिष्टानंतर घरे जप्त होऊ लागली, तेव्हा खरा गहाणदार कोण, हे अनेक ऋणकोंना काउंटीच्या कार्यालयात कळेना. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११मध्ये, लिलावाच्या वेळी गहाण आपल्याकडे असल्याचे बँकांना दाखविता न आल्याने दोन लिलाव रद्दबातल ठरविले. १६४०च्या कायद्यामागचा हेतू तेथे पुन्हा प्रत्ययास आला.

समारोप

आज बऱ्याच काउंट्यांच्या सूची संगणकावर घरबसल्या पाहता येतात. तरीही जुन्या वह्यांसाठी अनेकदा कार्यालयाची पायरी चढावी लागते आणि मुळात नसलेली सूची संगणक आपोआप निर्माण करीत नाही. साडेतीन शतकांहून अधिक काळाचा हा इतिहास असे दर्शवितो की नोंदीचे सार्वजनिकत्व दाराच्या उघडेपणावर जितके, त्याहून अधिक सूचीच्या रचनेवर अवलंबून असते. सूची ज्या अंगाने प्रश्न विचारू देते, त्याच अंगाने उत्तर मिळते. मिनेसोटाने २०१९मध्ये कायदा करून वांशिक अट नाकारणारा दस्त नोंदविण्याची सोय घरमालकांना दिली. मूळ पान त्यामुळे वहीतून काढले जात नाही; त्याच्या मागोमाग दुसरे पान लागते. अन्याय ज्या वहीने पक्का केला, त्याच वहीने त्याचा पुरावा जपला, आणि तो पुरावा उद्याच्या शोधकर्त्यास सापडावा एवढ्यासाठी तरी जुने पान जागेवर राहणे इष्ट आहे.