सिगारेटचा पुठ्ठा आणि बिडीचा कट्टा

वैनगंगेच्या खोऱ्यातील, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी या धानपिकाच्या गावी बेसबॉल हा खेळ कोणी खेळत नाही. आणि अमेरिकेत एखाद्या खेळाडूच्या कारकीर्दीच्या आरंभी निघालेल्या त्याच्या पहिल्या चित्रपुठ्ठ्यासाठी, म्हणजे ज्यास तिकडे ‘रूकी कार्ड’ म्हणतात त्यासाठी, लोक आयुष्याची पुंजी ओततात असे तेथील पारावर सांगितल्यास सांगणाऱ्याचीच थट्टा व्हावयाची. तथापि त्या पुठ्ठ्याचे कूळ शोधू जाता ते तंबाखूपाशी येऊन ठेपते, आणि तंबाखूच्या व्यवहारावर तर या मुलुखातील हजारो कुटुंबांची रोजी चालत आली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटचे पाकीट नरम कागदाचे असे. आतील माल मोडू नये म्हणून त्यात पुठ्ठ्याचा तुकडा सरकवीत, आणि तो कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर नट्या, मल्ल व खेळाडू छापावेत ही युक्ती व्यापाऱ्यांस सुचली. इंग्लंडात विल्स कंपनीने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात जो बेसबॉलचा संच काढला त्यात होनस वॅगनर या खेळाडूने हरकत घेतल्याने त्याचे चित्र थोडकेच छापले गेले, आणि त्यांतील एक प्रत २०२२ साली साडेबाहत्तर लाख डॉलरांस विकली गेली. पुढे तंबाखूची जागा च्युइंग गमने घेतली. टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचातील मिकी मॅन्टल या खेळाडूच्या चित्राच्या एका प्रतीने २०२२ सालीच एक कोटी सव्वीस लाख डॉलरांचा पल्ला गाठला. वास्तविक मॅन्टलचे पहिले कार्ड बोमन कंपनीने १९५१ मध्येच काढले होते, म्हणजे ‘पहिलेपणा’चे संग्राहकी शास्त्र बाजारापुढे निमूटपणे मान तुकवते. १९५२ चा न खपलेला साठा आपण १९६० साली अटलांटिक समुद्रात बुडविला, असे टॉप्सचे सी बर्गर सांगत.

आमच्याकडे मात्र हा पुठ्ठा का जन्मला नाही, याचे उत्तर बिडीच्या घडणीत आहे. तेंदूचे पान पावसाळ्यापूर्वी, भर उन्हात तोडून, पुडके बांधून फडीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, आणावयाचे; ते वाळवून, मग भिजवून मऊ करावयाचे, कात्रीने बेतावयाचे, त्यात जर्दा भरून सुताने बांधावयाचे; आणि हजारी दराच्या मजुरीतून सट्टेदाराने, म्हणजे मधल्या ठेकेदाराने, छाट म्हणजे नापास बिड्या काढून जे उरेल ते पदरी घ्यावयाचे, असा हा घरोघरच्या बायकांच्या बोटांवर चाललेला धंदा. गोंदिया, जे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते, ही त्याची मोठी पेठ. पान वाळले की बिडी आपोआप ताठ होते, आणि अशा बिड्यांचा कट्टा दोऱ्याने व कागदाने आवळला की त्यास पुठ्ठ्याच्या आधाराचे प्रयोजनच उरत नाही. १८९५ साली नागपुरात जन्मलेले आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व करणारे सी. के. नायडू यांच्यासारख्या शेजारच्या वीरासही कट्ट्यात जागा मिळावी कशी? त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट निघाले ते १९९६ साली.

कट्ट्यावर असे ते लेबल. वाघ, घोडा, एखादा आकडा, क्वचित खुद्द शेठजींची तसबीर. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक या चित्रावरूनच आपला माल ओळखी, म्हणून नक्कल करणाऱ्यावर मालकाचा डोळा असे. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १९४० साली झाला. ज्या लेबलावर नोंदणीचा उल्लेख नाही ते त्याआधीचे असण्याचा संभव आहे, खात्री नव्हे. एखाद्या छापाचे पहिल्या छपाईचे लेबल हेच, माझ्या मते, या जिल्ह्याचे खरे ‘रूकी कार्ड’ होय, आणि त्यास आज बाजारात कवडीचीही पुसपास नाही याने त्याची योग्यता तसूभर उणी होत नाही.

करडीत, मोहाडीत वा तुमसरात ज्यांच्या घरी जुन्या कारखान्याच्या हिशेबवह्या, सुटी लेबले वा छपाईचे नमुने पडून असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. लेबले वहीत डिंकाने न चिकटविता कागदी लिफाफ्यात ठेवावीत, आणि ती कोठून व कोणत्या साली मिळाली हे लिफाफ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवावे.