आजीची गोष्ट आणि समुद्र

‘त्सुनामी’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकींनी पहिल्यांदा ऐकला तो २००४ साली. २६ डिसेंबर, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमारास इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाजवळ समुद्राखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. जमिनीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा तिथे दुसऱ्याखाली सरकत असतो. मध्येच तो अडकतो, ताण साठत जातो आणि एक दिवस सुटतो. त्या दिवशी सुमात्रापासून थेट आपल्या अंदमानापर्यंत, बाराशे किलोमीटरच्या वर लांब भेग सुटली. समुद्राचा तळ उचलला गेला आणि वरचं पाणी चहूकडे धावलं.

भूकंप झाला त्याच्या अगदी जवळ सिमुलूए नावाचं बेट आहे. वस्ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास. लाट तिथे दहा मिनिटांच्या आत पोहोचली. ना भोंगा, ना रेडिओ. तरी मेली फक्त सात माणसं. पलीकडे सुमात्राच्या आचे प्रांतात मात्र दीड लाखाहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

हे कसं घडलं? सिमुलूएवर १९०७ साली अशीच लाट आली होती. तेव्हा समुद्र मागे हटला, उघड्या पडलेल्या तळावर मासे तडफडू लागले, लोक ते वेचायला धावले आणि परत आलेल्या पाण्याने त्यांना ओढून नेलं. वाचलेल्यांनी त्या लाटेला नाव ठेवलं ‘स्मोंग’. मग घरोघरी आज्या नातवंडांना सांगू लागल्या, गाण्यांतून गाऊ लागल्या: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला, तर काही न घेता डोंगराकडे पळायचं. जवळपास शंभर वर्षं ही गोष्ट नुसती तोंडातोंडी चालत आली. त्या सकाळी कोणीतरी ‘स्मोंग’ म्हणून ओरडलं आणि गावंच्या गावं टेकडीवर चढली.

आमच्या औसा-उमरगा भागात किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. आमच्यापैकी बऱ्याचजणी तेव्हा लहान होत्या. जड माळवदं आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, त्यांखाली माणसं गेली. आमच्या गटांत हे विचारून पाहिलं, तर मुलांना तारीख येते, शाळेत शिकवलेली. माळवदाचं मात्र कोणी सांगितलेलं नसतं.

आता आपल्याच देशातलं निकोबार. तिथे गावं किनाऱ्याला लागून होती, आणि कार निकोबार बेट तर बहुतेक सपाट; पळून चढायला टेकडी कुठे? सरकारी हिशेबात अंदमान-निकोबारमध्ये मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे साडेतीन हजार, त्यांतले बहुतेक निकोबारचे. कार निकोबार आणि कचाल या बेटांवर सर्वांत जास्त. जमीनही खचली. भारताचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, चार मीटरच्या वर खाली गेलं. तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. सिमुलूएचा काही किनारा उलट वर आला होता, प्रवाळ उघडे पडले. एकच भूकंप, एकीकडे जमीन वर, दुसरीकडे खाली.

निकोबारी लोकांचं घर म्हणजे ‘तुहेत’. अनेक चुलींचं एकत्र कुटुंब. जमीन, नारळाच्या बागा आणि डुकरं सगळ्यांची मिळून. लाटेनंतर आधी पत्र्याच्या शेडमध्ये राहावं लागलं, त्या उन्हात, त्या दमट हवेत. पक्की घरं मिळायला काही वर्षं गेली. मदत देताना कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं एवढंच धरलं गेलं. पैसे आले, पण तुहेतला ना पासबुक ना सही. बचत गट चालवणाऱ्या आपल्याला हे लगेच कळेल: खातं ज्याच्या नावावर, निर्णय त्याचा. वाटून खायची जुनी सवय तिथे सैल पडत गेली, आणि आमच्या मते लाटेनंतरचं ते दुसरं नुकसान.

नारळाच्या बागा खाऱ्या पाण्याने मेल्या होत्या. नवं रोप फळ धरायला सहा-सात वर्षं घेतं. आणि जी बाग कायमची पाण्याखाली गेली, तिथे रोप लावायला जागाच उरली नाही.