अवयवरोपणानंतरचे किशोरवय

अंबाजोगाई म्हटले की आद्यकवी मुकुंदराज व दासोपंत यांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु या गावास अर्वाचीन वारसाही आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी येथील योगेश्वरी विद्यालयात अध्यापन केले, आणि १९७४ साली स्थापन झालेले येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांचेच नाव धारण करते. शाळा आणि रुग्णालय या दोन संस्था एकाच मुलाच्या आयुष्यात किती निकट येतात, हे बालपणी अवयवरोपण झालेल्या मुलांचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते.

या इतिहासाचा पहिला कालखंड केवळ जीव वाचविण्याचा होय. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले व ते टिकले. कारण दोघांची शरीरे जणू एकच होती. इतरांच्या ठिकाणी मात्र शरीराची संरक्षकशक्ती परक्या अवयवावर तुटून पडे. १९६३ मध्ये डॉ. थॉमस स्टार्झल यांनी पहिले यकृतरोपण केले ते तीन वर्षांच्या बालकावर. ते वाचले नाही. १९६७ मध्ये सुमारे दीड वर्षाची एक मुलगी रोपणानंतर वर्षाहून अधिक जगली, तेव्हा तोच मोठा विजय वाटला.

पुढे बुरशीपासून काढलेले सायक्लोस्पोरिन १९८३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि चित्र पालटले. भारतात वेल्लोर येथे १९७१ मध्ये मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले. १९९४ मध्ये अवयवरोपणाचा कायदा झाला. आणि १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली येथे वीस महिन्यांच्या एका बालकास पित्याच्या यकृताचा अंश बसविण्यात आला. तो बालक वाढला, शिकला आणि स्वतःच डॉक्टर झाला.

मुले जगू लागली, तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला: ती जगतात कशी? वैद्यांनी आता वर्षे मोजण्याबरोबर मुलांनाच विचारण्यास आरंभ केला. शाळा किती बुडते, झोप लागते काय, सोबती खेळात घेतात काय? आजारपणातील दिवसांपेक्षा ही मुले पुष्कळच सुखी आढळली. तथापि निरोगी सवंगड्यांच्या मानाने, विशेषतः शाळेच्या बाबतीत, ती मागे राहतात असे दिसून आले.

खरा कसोटीचा काळ किशोरवयाचा. औषध आयुष्यभर, ठरल्या वेळी घ्यावयाचे असते. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, उंची खुंटते. आरशासमोर उभे राहण्याच्या वयात हे दुःख लहान नव्हे. प्रकृती बरी वाटते म्हणून गोळी चुकते, मित्रांदेखत नको म्हणून चुकते, आणि बसविलेला अवयव गाजावाजा न करता निकामी होऊ लागतो. मूत्रपिंडरोपणाच्या अमेरिकेतील पाहणीत असा नाश सतरा ते चोवीस या वयात सर्वाधिक आढळला. बालवैद्याचा हात सुटून प्रौढांच्या वैद्याकडे जाण्याचा काळही हाच.

रोपण मोठ्या शहरात होते, पण मूल परत येते ते आपल्या गावी. ताप आला असता प्रथम गाठावयाचा तो गावचाच डॉक्टर. आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळीही अशा मुलाच्या मूत्रपिंडास बाधते, आणि पपनसासारखे फळ रक्तातील औषधाचे प्रमाण बिघडवू शकते, हे त्यास व घरच्यांस ठाऊक असले पाहिजे. बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी कित्येक महिने घराबाहेर असतात. अशा घरातील मुलास फडाच्या कोपीत औषधाचा साठा, उकळलेले पाणी आणि रक्ततपासणी कोठून मिळावी, हा प्रश्न शस्त्रक्रियेइतकाच बिकट आहे.

शाळेचे कर्तव्यही यातूनच निघते. दया दाखवून मुलास कोपऱ्यात बसविणे हा उपाय नव्हे. १९७८ पासून अवयवरोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा भरत आल्या आहेत. पहिली इंग्लंडमधील पोर्टस्मथ येथे झाली. वैद्याच्या सल्ल्याने खेळू द्यावे, तपासणीसाठी बुडालेला अभ्यास भरून काढावा, आणि औषधाची जबाबदारी आईच्या हातून मुलाच्या हाती एकदम न टाकता वर्षावर्षाने सोपवावी. दात्याने अवयव एकदाच द्यावयाचा असतो. तो राखण्याचे काम मात्र घर, शाळा आणि गावचा दवाखाना यांनी मिळून रोज करावयाचे असते.