जात्यावरचा अलिफ

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुलांच्या वहीत ‘नक्को’ दिसला की लाल रेघ, ‘मैंच’मधला ‘च’ दिसला की लाल रेघ. हे दोन्ही मराठीने दख्खनीला दिलेले, आणि आमच्या दादीच्या तोंडी तेच होते. दळताना त्या गुणगुणायच्या. घरात कोणी ते लिहून ठेवले नाही. पुढे गावात पिठाची गिरणी आली, जाते अंगणात गेले आणि गाणेही थांबले.

विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत सतराव्या शतकापासून ‘चक्कीनामा’ रचला जात होता. चरख्यावरची, पाळण्याची, लग्नाचीही गाणी होती. भाषा दख्खनी, कारण फारसी बायकांना कुठून कळणार? जात्याचा उभा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाहच्या नावाचे पहिले अक्षर. मधला आस म्हणजे रसूल. ज्या बाईला मकतबचा उंबरठा ठाऊक नव्हता, तिच्या मुठीत रोज पहाटे अलिफ असे. दख्खनेत इस्लाम घराघरांत कसा रुजला याचे उत्तर रिचर्ड ईटन यांनी १९७४च्या लेखात या गाण्यांत शोधले. तलवारीच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

ईटन यांना ही गाणी मिळाली ती हैदराबादच्या ग्रंथालयांतल्या हस्तलिखितांत. म्हणजे सूफींनी लिहिले ते टिकले. बायकांनी त्यात आपले सासर-माहेर मिसळले असेल, ते कागदावर कोण उतरवणार?

हेच काम मराठी ओवीसाठी पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी केले. हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. २०१७पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या, गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. आमच्या मते ते नाव ओवीइतकेच मोलाचे. आमच्या शाळेच्या कपाटात दिवाने-गालिब आहे, इक्बाल आहेत. एकाही नानीचे नाव नाही.

गेल्या साली आम्ही मुलींना सांगितले, नानीचे एक गाणे मोबाईलवर भरून आणा, भाषा सुधारू नका. एका नानीला हात फिरवल्याशिवाय शब्दच आठवेनात. शेवटी तिने मांडीवर थाळी पालथी घातली, तिच्यावर वाटी धरून फिरवू लागली, आणि बारा ओळी सलग आल्या. आमच्याकडच्या ध्वनिमुद्रणात वाटीची घरघर गाण्याहून मोठी ऐकू येते.